डोळा कोणी लावायचा

त्या सकाळी काका खूश होते आणि आत्याही खूश होती, आणि धाकटी धास्तावली होती ती नेमकी त्यामुळेच.

एकोणीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. ही जुळी भावंडं, साठीला आलेली. त्यांतला एक हसला की दुसऱ्याच्या कपाळावर आठी ठरलेली, आणि घर त्या आठीवर चालायचं. वहिनी सकाळी चहा देताना एकाचा चेहरा बघायची आणि दुसऱ्याच्या कपात न विचारता साखर जास्त घालायची. आज तिने दोघांचे चेहरे बघितले आणि चमचा हातातच राहिला. काका शीळ घालत भट्टीच्या शेडकडे निघून गेले. आत्या अंगणात कोळसा निवडत बसली होती आणि चक्क गुणगुणत होती.

"यांना झालंय काय?" वहिनीने विचारलं.

"काही नाही, भट्टी लागणार म्हणून," धाकटी म्हणाली आणि नजर चुकवून पाणी भरायला गेली. खरं काय ते तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

दोघांत आधी कोण जन्मलं, याचा निकाल साठ वर्षांत लागला नव्हता. सुईण कधीच गेली होती. आजीला विचारलं की ती म्हणायची, दोघांनी मिळून माझा जीव काढला, त्यात रांग कोण बघत बसतंय. दुसऱ्या घरात हा थट्टेचा विषय होऊन संपला असता. पण हे घर ओतकाम करणाऱ्या जमातीतलं, डोंगरउतारावरच्या वस्तीतलं, आणि पितळेचं जनावर घडवताना त्याला डोळे सगळ्यांत शेवटी लावायचे, हा इथला नेम होता. मेणाचे दोन मणी, बस्स. पण ते लावायचे घरातल्या थोरल्या हाताने, एकट्याने, कोणी बघत नसताना. एकदा लावलेला डोळा काढायचा नाही. आणि ओतलेला धातू निवेपर्यंत डोळ्यांविषयी चकार शब्द काढायचा नाही.

आजोबा होते तोवर थोरला हात कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. ते गेल्यावर पहिल्याच भट्टीला ही दोघं एकाच वेळी मेणाचा गोळा घेऊन उभी राहिली. त्या दिवशी भांडण असं पेटलं की भट्टी पेटायची राहूनच गेली. तेव्हापासून दोघं एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत होती आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हती. काही सांगायचं झालं तर मध्ये कोणीतरी लागायचं, आणि कळायला लागल्यापासून ते कोणीतरी म्हणजे धाकटी. त्याला सांग, तिला सांग, करून करून तिची मान दुखायची.

आता खरं बोलायचं तर भट्टी काही त्या भांडणाने बंद झाली नव्हती. कारखान्यातून एका साच्याची शंभर निघणारी हलकी जनावरं बाजारात आली, व्यापारी वस्तीकडे फिरकेनासे झाले आणि अकराच्या अकरा घरांनी एकामागून एक चिमटे अडगळीत टाकले. कोणी विटा वाहायला गेलं, कोणी रस्त्याच्या कामावर. पण बाजाराचा राग बाजारावर काढता येत नाही, तो घरातच काढावा लागतो. म्हणून काका आत्याला बोल लावत आणि आत्या काकांना.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी एका गाडीचं चाक पंक्चर झालं.

धाकटीचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, घराला लागूनच गॅरेज चालवायचा. आजोबांच्या हातचा एकुलता एक उरलेला बोकड, वीतभर उंचीचा, तो वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवायचा. शहरातल्या एका दुकानवाल्या बाई चाक बदलेपर्यंत उभ्या होत्या, त्यांची नजर त्या बोकडावर गेली आणि त्या तिथेच उकिडव्या बसल्या. असे सात करून द्याल का, त्यांनी विचारलं. चांगले झाले तर मला दर महिन्याला लागतील, वस्तीतल्या जितक्या घरांना जमेल तितक्यांकडून घेईन. दादा सांगू लागला की ते काम केव्हाच बंद झालं, तेवढ्यात आतून धाकटी म्हणाली, "देऊ." दुसऱ्या दिवशी तिने कापडाच्या दुकानातली नोकरी सोडली आणि अकरा घरं फिरून आली.

दादाने कपाळाला हात लावला. भट्टीची शेड रस्त्याला लागून होती, आणि गॅरेज वाढवायला त्याला तीच हवी होती. वर्षभर तो तिच्यावर डोळा ठेवून होता. शेवटी दोघा बहीणभावांत ठरलं की बाईंनी बोकड नेले तर शेड भट्टीची, आणि बाई हात हलवत परत गेल्या तर उद्यापासून शेड दादाची आणि धाकटी पुन्हा कापडाच्या दुकानात. बाई आज चार वाजता येणार होत्या. दादाने कालच सहा टायर शेडमध्ये आणून रचले होते. नुसते ठेवलेत गं, तो म्हणाला होता.

काका आणि आत्या दोघं मिळून कामाला लागली, हाच वस्तीत चमत्कार मानला जात होता. चमत्काराची गोष्ट अशी की धाकटीने दोघांना वेगवेगळं गाठलं होतं. आत्याला म्हणाली, थोरली तूच, डोळे तूच लाव, फक्त बोलू नकोस. काकांना म्हणाली, थोरले तुम्हीच, डोळे तुम्हीच लावा, फक्त बोलू नका. मग मेणाचे सात बोकड तयार झाल्यावर तिने चार एका सुपात ठेवले आणि तीन दुसऱ्या सुपात, दोन वेगळ्या कोपऱ्यांत. दुपारी आत्या चारांचे डोळे लावेल, संध्याकाळी काका तिघांचे, उरलेल्यांचं कोणी विचारलं तर मारू काहीतरी थाप. तिला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं होतं की चार दिवस ती एकटीच हसत होती.

आज मात्र दोघंही खूश बघून तिला धास्ती वाटत होती. एवढं सुरळीत या घरात काही होत नसतं.

दहा वाजता भट्टी रसरसली. काकांनी जुना चामड्याचा भाता काढला, तो पहिल्याच दाबाला फाटला, तेव्हा दादाने गॅरेजमधला ब्लोअर आणून लावला. काकांचं तोंड कडू झालं. भट्टीला श्वास लागतो, वारा नाही, ते म्हणाले. पण कोळसे फुलले तसे गोळ्यांकडे वळले.

सात गोळे ओळीने ठेवले होते. प्रत्येक गोळ्याच्या आत मातीचं पोट, त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून केलेला बोकड, त्यावर मऊ मातीचा लेप आणि मग जाड मातीचा. बोकडाच्या पायांकडे मातीचीच वाटी, तिच्यात फुटक्या नळांचं पितळ, आणि सगळं लिंपून बंद. भट्टीत वाटी खाली आणि बोकड वर ठेवायचा. मेण जळून त्याची जागा रिकामी होते, खाली पितळ वितळतं, मग गोळा बाहेर काढून उलटा केला की पितळ त्या रिकाम्या जागेत उतरतं. घाई केली तर ते अर्ध्यात थिजतं, उशीर केला तर जळतं. ज्योत हिरवी झाली की वेळ झाली, एवढीच खूण.

काका चिमटा घेऊन एका बाजूला, आत्या भट्टीच्या पलीकडे, आणि मध्ये धाकटी. मऊ मातीचा लेप देणारी धाकटीची आई, म्हणजे या जुळ्यांच्या पाठच्या भावाची बायको, बाजूला पाटावर बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण लेप बोटांनी द्यायचा असल्याने तिच्याइतका पातळ हात कोणाचा नव्हता.

"त्याला सांग, हिरवी होतेय," आत्या धाकटीला म्हणाली.

"काका, हिरवी होतेय."

"तिला सांग, मला डोळे आहेत."

"त्याला सांग, असतील, पण धूर त्याच्या बाजूला आहे. त्याला दिसत नाहीये."

"तिला सांग, चाळीस भट्ट्या मी..."

"त्याला सांग, जळतंय. पार जळतंय."

धाकटी इकडे वळली, तिकडे वळली, आणि तिला कळेना की आता कोणाचं काय कोणाला सांगायचं राहिलंय. तेवढ्यात आत्या दोन पावलं पुढे आली आणि सरळ काकांच्या तोंडावर म्हणाली,

"अरे उलटव की, गाढवा."

वहिनीच्या हातातली परात खाली गेली. काकांनी गोळा चिमट्यात धरला, बाहेर काढला आणि राखेत उलटा टेकवला.

"उलटवला," ते म्हणाले. तेही सरळ तिलाच.

एकोणीस वर्षांनी झालेलं हे संभाषण एवढंच. पुढच्या गोळ्याला दोघंही काही घडलंच नाही असा चेहरा करून उभी राहिली, पण काकांचे कान लाल झाले होते आणि आत्या पदराने उगीचच तोंड पुसत होती. दादाला हसू आवरेना. तो भिंतीकडे तोंड करून टायर मोजू लागला, ते सहाच होते तरी त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या गोळ्याला चिमटा काकांना पेलेना. हात आता पूर्वीचा राहिला नव्हता. "जरा धर रे," ते दादाला म्हणाले, आणि दादाने जरा म्हणून चिमटा धरला तो परत दिलाच नाही. "आता," आत्या म्हणायची आणि दादा उलटवायचा. तिसरा, चौथा, पाचवा. त्याच्या भुवया होरपळल्या, शर्टावर ठिणगीने भोक पडलं. सहाव्या गोळ्याआधी एक गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात हॉर्न वाजवत होतं, तर हा आतूनच ओरडला, गॅरेज बंद आहे. वहिनीने धाकटीकडे बघितलं. दादाने गॅरेज भर दुपारी बंद ठेवल्याचं दोघींनाही आठवत नव्हतं.

तीन वाजता गोळे हात लावण्याइतके निवले. पहिला फोडायचा मान धाकटीला मिळाला. तिने हातोडीने हलकेच टिचक्या मारायला सुरुवात केली. मातीचा एक कपचा उडाला आणि आत काळपट शिंग दिसलं, वळणासकट, एकही दोरी न तुटता. आत्याने श्वास सोडला. मग दुसरं शिंग, मग कपाळ. धाकटीने ब्रशने माती झाडली. एक डोळा, दोन डोळे, आणि त्यांच्या बरोबर खाली आणखी दोन.

तिला आधी वाटलं, पितळेचे बुडबुडे असतील. तिने अंगठ्याने घासून बघितलं. बुडबुडे नव्हते. चार गोल, टपोरे, व्यवस्थित लावलेले डोळे तिच्याकडे बघत होते.

तिने दुसरा गोळा फोडला. चार. तिसरा. चार. सातव्यापर्यंत तेच. सातव्याला तर एक पायच नव्हता, पितळ तिथे कमी पडलं होतं, पण डोळे मात्र त्यालाही चार. सात बोकड ओळीने उभे होते आणि अठ्ठावीस डोळे सगळ्या घराला न्याहाळत होते.

धातू निवला होता, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

"वरचे माझे," काका म्हणाले.

"खालचे माझे," आत्या म्हणाली. "आणि मी लावले तेव्हा वर काही नव्हतं."

"मी लावले तेव्हा खाली होते. लावलेला डोळा काढायचा नसतो. म्हणून वर लावले."

"सातही?"

"सातही. पण मला धाकटीने सांगितलं होतं, थोरले तुम्हीच."

"मला सांगितलं होतं, थोरली तूच."

मग सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. ती सुपांचं काहीतरी सांगू लागली, चार इकडे आणि तीन तिकडे, तेव्हा वहिनीने जीभ चावली. उन्हाने मेण मऊ पडायला लागलं होतं, म्हणून तिनेच त्या दुपारी, आत्या यायच्या आधी, दोन्ही सुपं रिकामी करून सातही बोकड माठाशेजारच्या गार कोपऱ्यात, एका ओल्या फडक्याखाली ठेवले होते. ती तर शाबासकीची वाट बघत होती.

दादा बोकडांपुढे उकिडवा बसला. "वाईट नाहीत दिसत," तो हळूच म्हणाला, पण ते कोणी ऐकलं नाही, कारण बाहेर गाडी थांबली होती. चाराला अजून वीस मिनिटं होती. बाई वेळेच्या आधी आल्या होत्या.

बाईंनी आजोबांचा बोकड गॅरेजच्या दारातून उचलून आणला आणि सातांच्या शेजारी ठेवला. पुष्कळ वेळ त्या वाकून बघत राहिल्या. शिंगं बघितली, दाढीच्या दोऱ्या बघितल्या, उचलून वजन बघितलं. धाकटीच्या मनात अकरा घरं एकामागून एक येत होती. कोणी चिमटा घासून ठेवला होता, कोणी मेण आणून ठेवलं होतं. हे सगळं आपल्या थापेने बुडालं, असं तिला वाटत होतं.

"काम सुरेख आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "पण नमुन्यात दोन डोळे होते."

"हो," धाकटी म्हणाली.

"गिऱ्हाईक आधी डोळ्यांकडे बघतं. इथे त्याने नेमकं कुठे बघायचं? एक जोडी घासून काढता येईल का?"

दादा कानस घेऊन आला. घासायचे म्हणजे लावलेला डोळा काढायचा, जे या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. पण बाई हात हलवत गेल्या तर पुढे डोळे लावायला जनावरच राहणार नव्हतं, हेही प्रत्येकाला कळत होतं. दादाने कानस धरली आणि विचारलं, "वरचे घासू की खालचे?"

आत्याने धाकटीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खालचे घास. माझे."

"खालचे नको," काका म्हणाले. "तिचे गोल आलेत. माझे घास."

"तू मध्ये बोलू नकोस."

"घास म्हणतोय ना, माझे घास."

"अरे, थोरल्याचे डोळे कोणी घासतं का?"

हे तोंडातून निघून गेलं आणि मग आत्याने तोंडावर हात ठेवला. काका तिच्याकडे बघतच राहिले.

"काय म्हणालीस?"

आत्याने इकडेतिकडे बघितलं, पण आता पळायला जागा नव्हती. "आपल्या आईने सांगितलं होतं मला. मी बारा वर्षांची असताना. तो आधी आला म्हणाली, पण कोणाला बोलू नकोस, तो शेफारेल."

काका मटकन टायरांवर बसले. "मला तिने सांगितलं होतं की तू आधी आलीस. कोणाला बोलू नकोस म्हणाली, ती शेफारेल."

"म्हणजे थोरली मी, असं तुला माहीत होतं?"

"आणि थोरला मी, असं तुला."

"मग एकोणीस वर्षं भांडलास कशाला?"

"तू भांडत होतीस म्हणून."

सगळ्यांत आधी कोण हसलं, यावर घरात आजही एकमत नाही. वहिनी म्हणते आत्या, दादा म्हणतो बाई. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. काका टायरांवर बसून गदागदा हलत होते, आत्या खांबाला धरून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती आजीला, त्या गेलेल्या बाईला, जिवंत असल्यासारखी शिव्या देत होती. दादाने कानस टाकून पोट धरलं. दुकानवाल्या बाईंना या घराण्याचं काही ठाऊक नव्हतं, तरी त्याही काकांशेजारी टायरावर टेकल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या. धाकटी हसत होती आणि रडत होती, आणि थोडी चिडलीही होती, कारण एवढी वर्षं दोघांच्या मध्ये उभं राहून मान मात्र तिची दुखली होती.

हसली नाही ती फक्त आई. ती पाटावर बसून एका बोकडाचं तोंड बोटांनी चाचपत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"चार आहेत ते. लेप देताना बोटांना लागले. सातही वेळा."

"अगं, मग बोलायचं नाही का?" धाकटीने विचारलं.

"धातू निवेपर्यंत बोलायचं नसतं ना," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि खरं सांगू? खालचे वन्संचे आणि वरचे भाऊजींचे, हे मला हात लावताच कळलं. त्या दोघांचे हात एका वस्तूला लागल्याला एकोणीस वर्षं झाली होती. म्हटलं, असू दे. झाकून टाकू."

काका उठले, खाली पडलेली कानस त्यांनी उचलली आणि खुंटीला टांगून ठेवली.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. आईच्या हातातला बोकड त्यांनी घेतला आणि मघाशी बघितला होता त्यापेक्षाही जास्त वेळ बघितला. "हे विकले जातील की नाही, मला खरंच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण घासायचे नाहीत. सहा मी असेच नेते. तीन पायांचा तुमच्याकडे राहू द्या. पुढच्या महिन्यात मला वीस हवेत, आणि ते मात्र दोन डोळ्यांचे. एवढे तुम्ही एकट्यांनी करू नका. बाकीच्या घरांना सांगा, येत्या आठवड्यात येऊन मी सगळ्यांचं काम बघते. आणि यातला हा वाकड्या दाढीचा मी विकणार नाही."

धाकटीने मान हलवली. तिच्या जिवात जीव आला तो गाडी दिसेनाशी झाल्यावर, आणि मग ती वस्तीकडे निघण्यासाठी चपला शोधू लागली. अकरा घरांत कोणाला आधी सांगायचं, तेच तिला सुचत नव्हतं.

चपला सापडेपर्यंत मागे काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. दादा शेडमधला टायर बाहेर ढकलत होता. त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं. एक टायर गॅरेजच्या भिंतीला लावून तो दुसऱ्यासाठी परत आला. जाता जाता त्याने तीन पायांचा बोकड उचलला, गॅरेजच्या दाराला टेकवून बघितला, तो कलंडला, तेव्हा पायाखाली एक नट सरकवला. आजोबांचा बोकड त्याने शर्टाला पुसला आणि आणून भट्टीच्या कट्ट्यावर ठेवला.

"वीस म्हणजे भट्टी दोनदा लावावी लागेल," तो म्हणाला. "चिमटा आखूड पडतोय. मी वेल्डिंग करून लांब करतो."

धाकटीने त्याच्या होरपळलेल्या भुवयांकडे बघितलं. तिला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण त्याचे हात काळे होते आणि तिसरा टायर मध्ये होता.

"पण वीस बोकडांचे डोळे लावणार कोण?" वहिनीने विचारलं. तिचा हेतू वाईट नव्हता, तिला यावेळी सुपं कुठे ठेवायची ते आधीच विचारून घ्यायचं होतं.

"एक डोळा भाऊजींनी लावायचा, एक वन्संनी," आई म्हणाली. "दोनाचे दोन होतात."

काकांनी मान डोलवली. आत्यानेही डोलवली.

"आधी तू लाव," काका म्हणाले.

"आधी मी का? थोरला तू."

"थोरली तू. आईने सांगितलंय."

"आईने मलाही सांगितलंय. मी तुझ्या आधी डोळा लावायची नाही."

"मग मीही लावायचा नाही. बघू बोकड किती दिवस आंधळे राहतात."

"हट्टी तो हट्टीच राहिलास."

"आणि तू गं?"

आवाज चढले. धाकटी सवयीने मध्ये जायला निघाली, तोंडात आलंही होतं की काका, ती म्हणतेय. आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बस. भांडू दे त्यांना," आई म्हणाली. "आज एकमेकांशी भांडतायत."

धाकटी शेवटच्या टायरावर बसली, आणि दादाला तो हलवायला बराच वेळ थांबावं लागलं.